जुन्या बोटीचा संडास आणि प्युजेट साउंडचे नियम : सल्ला हवा

शिकाऊ_शीडवाला

नमस्कार मंडळी,

विषय जरा घाणेरडा आहे. जेवता जेवता वाचत असाल तर धागा नंतर उघडा.

गेल्या महिन्यात आम्ही नवराबायकोने (दोघंही नवशिके) १९८३ सालची ३४ फुटी शिडाची बोट घेतली. अमेरिकेत सिएटलला लेक युनियन या तळ्यावर उभी असते; तिथून प्युजेट साउंड या समुद्राच्या मोठ्या खाडीत जाता येतं. घेण्याआधी रीतसर सर्व्हे केला होता. शिडं, इंजिन, बूड सगळं वयाच्या मानाने ठीक निघालं. पण संडासाबद्दल सर्व्हेयरने अहवालात चार ओळी लिहिल्या आणि तोंडी सांगितलं, "हे आहे असंच ठेवून फिरू नका."

सध्याची अवस्था अशी. हाताने दांडा मारून चालवायचा संडास आहे. तिथून दीड इंची नळी निघून वाय-व्हॉल्व्हला जाते. तिथे दोन वाटा फुटतात : एक थेट बुडातल्या भोकातून पाण्यात, दुसरी पुढच्या बिछान्याखालच्या १२ गॅलनच्या अ‍ॅल्युमिनियमच्या टाकीत. व्हॉल्व्हचा दांडा 'पाण्यात' या बाजूला इतका घट्ट बसलाय की हलत नाही. टाकीच्या खालच्या जोडावर पांढरी भुकटी आणि ओल आहे. वासाबद्दल लिहीत नाही. बायकोने सांगून टाकलंय की हे निस्तरेपर्यंत ती बोटीवर रात्र काढणार नाही.

मरीनात (बोटी बांधायच्या धक्क्यावर) विचारलं तर तीन माणसांनी तीन गोष्टी सांगितल्या. एक म्हणाला, सगळे असेच फिरतात. दुसरा म्हणाला, मैला शुद्ध करणारं यंत्र बसव आणि खुशाल पाण्यात सोड. तिसरा म्हणाला, संडास काढून टाक आणि बादली ठेव. नियम नक्की काय आहे आणि कमीत कमी खर्चात नियमात कसं बसायचं? काम शक्यतो स्वतः करायचं आहे.

वाचनमात्र

पॉपकॉर्न घेऊन बसणार होतो, विषय बघून बाजूला ठेवले.

कायदेबाज

आधी कायदा, मग पाना.

मूळ १९७२ च्या क्लीन वॉटर अ‍ॅक्टमध्ये आहे, कलम ३१२. बोटीवर कायमचा बसवलेला संडास असेल तर त्याला मान्यताप्राप्त 'मरीन सॅनिटेशन डिव्हाइस' जोडलेलं हवं आणि ते चालू स्थितीत हवं. किनाऱ्यापासून तीन सागरी मैलांच्या आत कच्चा मैला सोडायचा नाही, हे सगळ्या देशाला लागू.

या उपकरणांचे तीन प्रकार आहेत. टाइप वन मैला दळून जंतुनाशन करून बाहेर सोडतं, ६५ फुटांपर्यंतच्या बोटींना चालतं. १०० मिलिलिटरमध्ये १००० पेक्षा जास्त कोलिफॉर्म (विष्ठेतले जंतू) नकोत आणि डोळ्यांना दिसणारं काही तरंगायला नको, एवढीच त्याची अट. टाइप टू जास्त कडक : कोलिफॉर्म २०० आणि गाळ लिटरमागे १५० मिलिग्रॅमच्या आत. टाइप थ्री म्हणजे काहीच बाहेर न सोडणारं, साठवून ठेवणारं. तुमची टाकी ही टाइप थ्री. साध्या टाकीला वेगळं प्रमाणपत्र किंवा लेबल लागत नाही, नियमांत बसत असेल तर ती आपोआप मान्य धरली जाते.

आता तुमचा मुद्दा. प्युजेट साउंड १० मे २०१८ पासून नो डिस्चार्ज झोन आहे. न्यू डंजनेस दीपगृह ते डिस्कव्हरी बेटाचं दीपगृह अशी रेघ ओढा. तिच्या आतलं, कॅनडाच्या हद्दीपर्यंतचं वॉशिंग्टन राज्याचं सगळं खारं पाणी त्यात येतं. शिवाय लेक वॉशिंग्टन, लेक युनियन आणि त्यांना समुद्राशी जोडणारं पाणीही येतं. म्हणजे तुमची बोट बांधलेली आहे तिथेही. या झोनमध्ये शुद्ध केलेला मैलाही सोडता येत नाही. यंत्र बसवून खुशाल सोड म्हणणाऱ्या दुसऱ्या माणसाचा सल्ला म्हणूनच बाद.

आणखी एक गोष्ट बऱ्याच जणांच्या लक्षात येत नाही. कायमचा संडास असलेली बोट चालू स्थितीतल्या उपकरणाशिवाय चालवणं हाच कायद्याने वेगळा गुन्हा आहे. तुम्ही थेंबभरही सोडलं नाहीत तरी फुटकी टाकी आणि पाण्याकडे अडकलेला व्हॉल्व्ह घेऊन फिरलात की झालंच. मूळ मजकुरात याला २००० डॉलरपर्यंत दंड होता. हा आकडा आता महागाईप्रमाणे वाढवलेला आहे.

लाटांवर_घर

कायदेबाज, छान लिहिलंत. माझी पुस्ती.

मी आणि नवरा बोटीवरच राहतो, सात वर्षं झाली. इथल्या प्रत्येक नव्या माणसाचा हाच प्रश्न असतो आणि प्रत्येक जण आधी टाकीकडे बघतो. शीडवाले, तुम्ही उलट्या बाजूने सुरुवात करा. संडासापासून निघालेला मैला कुठल्या कुठल्या वाटेने बोटीबाहेर जाऊ शकतो, त्या सगळ्या वाटा कागदावर काढा. जुन्या बोटीत चाळीस वर्षांत चार मालकांनी चार ठिकाणी नळ्या जोडलेल्या असतात. आमच्या बोटीवर टाकीच्या पुढे एक मॅसरेटर पंप (मैला दळून बाहेर फेकणारा) निघाला, कपाटाच्या मागे लपलेला, त्याचं बटण दिव्यांच्या बटणांच्या ओळीत. आधीच्या मालकाने त्यावर नावही लिहिलं नव्हतं. पाहुण्याने पंखा समजून दाबलं असतं तर?

प्रत्येक नळी हाताने चाचपत शेवटापर्यंत जा. टॉर्च आणि गुडघ्यांखाली उशी घ्या.

प्रश्नचिन्ह

माफ करा, पण मला यातला दांभिकपणा खटकतो. २०१७ च्या फेब्रुवारीत वेस्ट पॉइंटचा मैलाशुद्धी प्रकल्प पाण्याखाली गेला तेव्हा कोट्यवधी गॅलन सांडपाणी साउंडमध्ये गेलं. मुसळधार पावसात शहराच्या जुन्या गटारांतून पाऊस आणि मैला एकत्रच बाहेर पडतो. आणि आम्ही दोन लिटर सोडलं की गुन्हेगार? भरतीओहोटीला एवढं पाणी हलतं, त्यात माझं काय दिसणार?

लाटांवर_घर

@प्रश्नचिन्ह, दांभिकपणाचा मुद्दा मान्य. शहराने गटारं सुधारावीत म्हणून मीही मतं दिलीत आणि बिलंही भरतेय.

पण बोटी कुठे जमतात ते बघा. भर प्रवाहात कोणी नांगर टाकत नाही. आडोशाच्या, उथळ, पाणी जेमतेम हलतं अशा खाडीत टाकतात. सुशिया बेटावर जुलैतल्या एखाद्या शनिवारी संध्याकाळी जाऊन बोटी मोजा. त्या सगळ्या सकाळी सात ते नऊमध्ये दांडा मारतात. आणि बोटीवरचा मैला म्हणजे घरच्यासारखं आंघोळीच्या पाण्याने पातळ झालेलं काही नसतं, अगदी घट्ट माल असतो. त्याच उथळ पाण्यात कालवं आणि शिंपले वाढतात. ती पाणी गाळून जगतात, पाण्यात जे असेल ते त्यांच्या पोटात साठतं आणि लोक ती कच्ची खातात.

यंत्राने शुद्ध केलेलंही का नको, याचं उत्तर कायदेबाजांच्या आकड्यांतच आहे. टाइप वनचं प्रमाणपत्र कोलिफॉर्म मोजतं. विषाणू आणि नायट्रोजन त्या मोजमापात नाहीतच.

प्रश्नचिन्ह

कालवांचा मुद्दा पटला. दांभिकपणाचा मी सोडत नाही. :)

खारा_वारा

ऱ्होड आयलंडहून लिहितोय. आमच्या राज्याचं समुद्राचं पाणी १९९८ साली सगळंच्या सगळं नो डिस्चार्ज झालं. तेव्हाही मरीनात हीच भांडणं झाली असं जुने लोक सांगतात. आता आमच्याकडे संडास असलेल्या बोटीला तपासणी करून स्टिकर लावून घ्यावं लागतं. कोणी तावातावाने बोलत नाही, गाडीच्या तपासणीसारखं झालंय.

शीडवाले, थेट पाण्यात जाणारी वाट तुम्हाला ठेवायची आहे का? खुल्या समुद्रात तीन मैलांपलीकडे कधी जाणार का? नसाल तर वाय-व्हॉल्व्ह दुरुस्त करत बसू नका, उपटून फेका. संडास ते टाकी सरळ नळी, टाकी ते डेक सरळ नळी. भांडणच मिटलं.

शिकाऊ_शीडवाला

सगळ्यांचे आभार. रविवारी लाटांवर_घर ताईंनी सांगितलं तसं नळ्यांचा नकाशा काढला. आमच्याकडे लपलेला पंप नाही, पण टाकीपासून डेकवरच्या पंप-आउटच्या तोंडाला (किनाऱ्यावरचा पंप लावून टाकी उपसायची ती जागा) जाणारी नळीच जोडलेली नव्हती! डेकवर 'वेस्ट' लिहिलेलं झाकण आहे, खाली नळीचं मोकळं टोक लोंबतंय. म्हणजे आधीच्या मालकाने ही टाकी कित्येक वर्षांत रिकामी केलीच नसणार. संडास कुठे रिकामा होत होता हे सांगायला नको.

अनुभवी लोकांनी सांगा, वाय-व्हॉल्व्ह ठेवला तर नियमात बसतं की नाही? पुढेमागे व्हँकुव्हर बेटाच्या पश्चिमेला जायचं स्वप्न आहे.

कायदेबाज

ठेवता येतो, पण बंद करून 'पक्का' करावा लागतो. टाइप थ्रीसाठी तीन रीती दिल्या आहेत. पाण्याकडे नेणारा प्रत्येक व्हॉल्व्ह बंद करून त्याचा दांडा काढून घ्या, किंवा बंद स्थितीत कुलूप लावा, किंवा एकदा ओढला की परत न सुटणारा वायर-टाय बांधा. टाइप वन आणि टूसाठी चौथी सोय आहे : संडासाच्या दाराला कुलूप. टाकीवाल्यांना ती नाही.

नुसता बंद करून "बंदच आहे की साहेब" म्हटलेलं चालत नाही. तपासणाऱ्याला बघताक्षणी कळलं पाहिजे की हा सहज उघडत नाही.

तळ्यातमळ्यात

सिएटलवाल्यांनी सुखात राहा. :) माझी बोट लेक शँप्लेनवर, व्हरमाँटच्या बाजूला. आमच्याकडे वायर-टायही चालत नाही. पाण्याकडे जाणारी नळी प्रत्यक्ष सोडवलेली हवी, मैला बाहेर जाण्याची शक्यताच उरता कामा नये. लोक त्या तळ्याचं पाणी पितात, त्यामुळे माझी तक्रार नाही. पण मी बोट समुद्राकाठच्या माणसाकडून घेतली, तो शपथेवर सांगत होता की टाय बांधला की झालं. राज्य बदललं की नियम वाचा, एवढंच.

पाना_पक्कड

उशिरा आलो. कायद्याचं झालंय, आता हात काळे करायचं बघू.

एक. ती अ‍ॅल्युमिनियमची टाकी दुरुस्त करू नका. लघवी धातूला खाते, आधी वेल्डिंगच्या जोडावर. तुम्हाला दिसलेली पांढरी भुकटी तीच. एक भोक बुजवाल, पुढच्या वर्षी शेजारी दुसरं. पॉलिएथिलिनची घ्या, जाड भिंतीची, पाऊण सेंटिमीटरहून जाड. तोंडं शक्यतो सगळी वरच्या बाजूला. खाली जोड नसला की खाली गळायचं कारण नाही.

आकार. हाताने पंप करणारी दोन माणसं नीट वागली तर दिवसाला चार-पाच गॅलन धरा. १२ गॅलन म्हणजे एक शनिवार-रविवार. २५ ची बसली तर उत्तम, पण भरली की साधारण ९५ किलो वजन होतं. ते सगळं नाळेकडे येणार, बोट नाक खाली घालून चालणार. म्हणून जागा नीट निवडा आणि टाकी सगळ्या बाजूंनी आवळून बसवा. लाटेत सैल टाकीतला मैला हिंदकळला की पट्टे तुटतात.

टाकी आली की बसवण्याआधी अंगणात पाण्याने काठोकाठ भरा आणि रात्रभर कोरड्या पुठ्ठ्यावर ठेवा. सकाळी पुठ्ठा बघा.

दोन. नळी. वासाचं घर नव्वद टक्के वेळा टाकी नसते, नळी असते. (नव्वद हा माझ्या नाकाचा अंदाज.) जुन्या नळीच्या भिंतीत वास मुरतो आणि बाहेरून झिरपतो, कितीही धुवा जात नाही. तपासायचं असं : फडकं गरम पाण्यात बुडवून पिळा, नळीभोवती गुंडाळा, गार होऊ द्या. मग फडकं जरा लांब नेऊन हुंगा. फडक्याला वास आला तर नळी गेली. एकेका तुकड्यावर नवं फडकं वापरा, नाहीतर सगळ्याच नळ्या दोषी दिसतील.

नवी नळी 'सॅनिटेशन' म्हणून विकतात तीच घ्या, बागेची किंवा बिल्जची (बोटीच्या तळात साचलेलं पाणी उपसायची) नको. चांगली महाग पडते, फुटाला बारा-पंधरा डॉलर. म्हणून लांबी कमी ठेवा. दीड इंची नळीत फुटाला साधारण एक तृतीयांश लिटर मावतं. संडासापासून टाकी दहा फुटांवर असेल तर साडेतीन लिटर नळीतच. चार दांडे मारून उठलात तर मैला टाकीत पोचलेलाच नसतो, नळीच्या खोलगट भागात बसून राहतो आणि मुरतो. नळीला मध्ये पोट येऊ देऊ नका.

तीन. व्हेंट. टाकीला श्वास घ्यायला नळी लागते. जुन्या बोटीत ती बोटाएवढी बारीक असते, वेटोळी घेत जाते, आणि बाहेरच्या तोंडावर जाळीत कोळी राहतो. हवा मिळाली नाही की आत हवेशिवाय जगणारे जंतू वाढतात, हायड्रोजन सल्फाइड होतो, तोच सडक्या अंड्याचा वास. एक इंची, आखूड, शक्य तितकी सरळ व्हेंट टाका. व्हेंट तुंबलेली असताना पंप-आउटचा पंप लावलात तर तो टाकी आतून ओढतो. चेपलेली, एका बाजूने फाटलेली टाकी मी डोळ्यांनी पाहिली आहे.

चार. संडास पाणरेषेखाली असेल तर समुद्राचं पाणी आत घेणाऱ्या नळीला व्हेंटेड लूप (वरच्या टोकाला हवेची झडप असलेला नळीचा वळसा) हवा, बोट कलली तरी पाणरेषेच्या वर राहील इतका उंच. नाहीतर सायफन होऊन भांडं वाहायला लागतं आणि सकाळी बोटीत घोटाभर पाणी. पाण्यात सोडणारी वाट ठेवलीत तर तिलाही. हे कायद्याचं नाही, बुडण्याचं आहे.

मोबाइलवरून टंकलंय, चुका सुधारून घ्या.

वाचनमात्र

पाना_पक्कड, फडकं हुंगणारा माणूस आयुष्यात पहिल्यांदा भेटला. साष्टांग.

खारा_वारा

पाना_पक्कड +१. अजून एक निदान : वास फक्त सकाळी पहिल्या पंपाला येत असेल आणि मग जात असेल तर दोष टाकीचा किंवा नळीचा नाही. आत येणाऱ्या समुद्राच्या पाण्यात सूक्ष्म जीव असतात, ते रात्रभर नळीत कोंडून मरतात आणि सडतात. लोक यासाठी टाकीत बाटल्याच्या बाटल्या सुगंधी औषध ओततात. बोट सोडून जाताना संडासात थोडं गोडं पाणी फिरवून ठेवा, काम भागतं.

शिकाऊ_शीडवाला

पाना_पक्कड काका, प्रिंट काढून घेतलाय. (काका म्हटलेलं चालेल ना?)

आज फडक्याची परीक्षा घेतली. सहापैकी सहा तुकडे नापास. बायकोने मला घरात घेण्याआधी हात दोनदा धुवायला लावले.

मरीनातल्या एका शेजाऱ्याने नवीन खूळ डोक्यात घातलंय, मूत्र वेगळं करणारा कोरडा संडास. टाकी नको, नळी नको, भोक नको. लघवीची बाटली तेवढी "पाण्यात ओतायची, काही होत नाही" म्हणे.

कायदेबाज

तिथेच गोची आहे. कायद्यातली व्याख्या 'मानवी शरीराचा मैला' आणि संडासातून किंवा तो साठवण्याच्या भांड्यातून आलेलं सगळं, अशी आहे. लघवी त्यातून सुटत नाही. बाटली किनाऱ्यावर नेऊन संडासात रिकामी करायची. कोरडा संडास चांगलाच आहे, शेजाऱ्याची बाटली नाही.

उचलून नेता येणारा पोर्टा पॉटीसारखा संडास 'कायमचा बसवलेला' धरत नाहीत, त्यामुळे उपकरणाच्या अटी त्याला लागत नाहीत. पण तो पाण्यात उपडा करायला परवानगी नाहीच. तुम्हाला तिसऱ्याने सांगितलेल्या बादलीचंही तेच.

आणि हो, बेसिनचं, भांडी घासल्याचं पाणी हे केंद्रीय कायद्यात हौशी बोटींसाठी मैल्यात मोडत नाही. स्थानिक नियम वेगळे असू शकतात, बोटीवर राहणाऱ्यांनी ते बघावेत.

लाटांवर_घर

कोरडा संडास आमच्याकडे दोन वर्षं होता. दोघांना ठीक. सहा पाहुणे आले की रोज बाटल्या कोण वाहणार यावरून भांडणं. आम्ही परत टाकीवर आलो. शीडवाले, तुमच्या बायकोचं मत घ्या, तुमचं नको.

पाना_पक्कड

काका चालेल. मामाही चालेल.

शिकाऊ_शीडवाला

तीन आठवड्यांनी अपडेट.

टाकी : २३ गॅलन, पॉली, बिछान्याखाली जुन्याच जागी, फळ्या कापून. २५ ची आत जात होती पण दारातून जात नव्हती. हे विकत घेण्याआधी मोजायचं असतं. परत केली, पाठवण्याचा खर्च अक्कलखाती.

जुनी टाकी काढणं हे सगळ्यात वाईट काम. आधी पंप-आउटची नळी तात्पुरती जोडून रिकामी केली, तीनदा पाणी भरून पुन्हा ओढली, तरी शेवटची बोटभर गाळाची चिखलवजा वस्तू उरलीच. दोघांनी मास्क लावून ती ताडपत्रीवर बाहेर काढली. बाहेर उजेडात उलटी केली तर खालच्या जोडावर सुईच्या टोकाएवढी अकरा भोकं. मोजली, कारण काका म्हणाले होते एक बुजवाल तर शेजारी दुसरं.

वाय-व्हॉल्व्ह उपटला. चार इंच लांब स्क्रू गंजून गेला होता, तोडावा लागला. आत बघितलं तर दीड इंचाच्या वाटेत बोट जेमतेम जाईल एवढंच भोक शिल्लक, बाकी दगडासारखा पिवळसर थर.

पाना_पक्कड

तो थर लघवी आणि समुद्राच्या पाण्यातल्या कॅल्शियमचा. नव्या नळ्यांत नको असेल तर आठवड्याला पांढऱ्या व्हिनेगरचा पेला भांड्यातून फिरवा आणि लगेच धुऊन टाका, रबराला जास्त वेळ आवडत नाही. संडासाच्या मागचा जोकर व्हॉल्व्ह (माल एकाच दिशेने जाऊ देणारी रबरी झडप) वर्षाला बदला. तो कडक झाला की गेलेला माल भांड्यात परत येतो.

प्रश्नचिन्ह

"गेलेला माल परत येतो." आज जेवण नाही.

शिकाऊ_शीडवाला

पुढे. बुडातलं भोक तसंच ठेवून सीकॉक (त्या भोकावरची तोटी) बंद केला, दांडा काढला, नळीच्या जागी टोपी घट्ट बसवली. पुढच्या वर्षी बोट बाहेर काढली की ते भोक कायमचं बुजवणार. पश्चिम किनाऱ्याचं स्वप्न निघालंच तर तेव्हा बघू.

एकूण खर्च टाकी, नळी, जोड, व्हेंट, डबल क्लॅम्प सगळं धरून ९०० डॉलरच्या आसपास. मरीनातल्या एका दुकानाने याच कामाचे ३५०० सांगितले होते.

शनिवारी लॉकमधून (तळं आणि समुद्र यांच्यामधल्या पाण्याच्या दारांतून) बाहेर पडून साउंडमध्ये पहिली फेरी मारली. परत येताना पंप-आउटला गेलो. फुकट होतं. तिथल्या एका आजोबांनी सांगितलं की १९९२ च्या क्लीन व्हेसल अ‍ॅक्टखाली केंद्राचा पैसा या पंपांना मिळतो, म्हणून. नळीला मध्ये काचेचा तुकडा असतो, त्यातून जाणारं दिसतं. बायको काचेकडे बघत उभी होती. तपकिरी, तपकिरी, मग फिकट, मग स्वच्छ पाणी. ती म्हणाली, "अजून एकदा पाणी घाल." दोनदा घातलं.

आज कोस्ट गार्ड ऑक्झिलरीचे एक स्वयंसेवक फुकट सुरक्षा तपासणीला आले. लाइफ जॅकेट, फ्लेअर, दिवे बघितले. मग खाली वाकले, सीकॉककडे टॉर्च मारला आणि विचारलं, "याचा दांडा कुठे आहे?" मी चार्ट टेबलच्या खणातून काढून दाखवला. त्यांनी कागदावर खूण केली आणि स्टिकर दिलं.

लाटांवर_घर

अभिनंदन! बायको रात्री राहिली का?

शिकाऊ_शीडवाला

राहिली. पण फडकं गरम पाण्यात बुडवून नव्या नळीलाही गुंडाळून बघितलं तिने आधी.

कायदेबाज

दांडा खणात ठेवलात ते ठीक. तो त्याच बोटीवर आहे हे लक्षात राहू द्या. मी माझा घरी ठेवला होता आणि दोन वर्षांनी बोट बाहेर काढायच्या दिवशी सगळं घर पालथं घातलं.

पाना_पक्कड

व्हेंटच्या तोंडावर जाळी कुठली लावलीस? बारीक असेल तर काढ. कोळी परत येतो.